भीमेवर भरतीची वाट पाहताना

दौंडला लोक गाडी बदलायला उतरतात. आम्ही होडीत बसायला उतरलो. हमालांनी ब्रेकव्हॅनमधून होडी खाली घेतली तेव्हा फलाटावरच्या चहावाल्याने मला विचारलं, तमाशाचा तंबू कुठे पडलाय आणि खेळ किती वाजता आहे. मी त्याला सांगितलं की आम्ही भीमेतून शेंडेवाडीला चाललोय. त्याने माझ्या कपातला चहा बशीत ओतून दिला आणि मग बराच वेळ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलाच नाही.

गिरगावातली माणसं फिरायला म्हणून माथेरानला जातात, फार तर नाशिकला. नदीतून होडीने देशावर जायची कल्पना माझ्या डोक्यात सात जन्मांत आली नसती. ती अण्णांची. म्हणून आधी अण्णा सांगितले पाहिजेत.

डिलाईल रोड

अण्णा मूळचे मालवणकडचे, माझगावच्या गोदीत सुतार. आमच्या शाळेचे चित्रकलेचे उतरते बाक त्यांनी केले तेव्हापासून आमची ओळख. मी चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे लाकडाच्या रंगाबद्दल बोलतो, ते त्याच्या रेषांबद्दल, आणि दोघांचं पटतं. गोदीतल्या एका साहेबाने कधीतरी त्यांच्याकडून विलायती पद्धतीची होडी करून घेतली होती. दोन्ही टोकांना निमुळती, पातळ फळ्यांची, वरून कॅनव्हास ताणून रंगवलेली, दोन माणसांनी डोक्यावर घेऊन चालावं इतकी हलकी. साहेब तिला कनू म्हणायचा. अण्णांना ती इतकी आवडली की उरल्यासुरल्या लाकडातून त्यांनी स्वतःसाठी तशीच दुसरी केली. ती डिलाईल रोडच्या चाळीत, त्यांच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत कठड्याला बांधून ठेवलेली असे. शेजारणी तिच्यावर पापड वाळत घालत आणि अण्णा रोज ते उचलायला लावत.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकच मुलगी, कुसुम. चाळीतच राहणाऱ्या, गिरणीत काम करणाऱ्या शंकर नावाच्या मुलाशी तिचं लग्न झालं. पुढे शंकरचे वडील वारले आणि तो गिरणी सोडून शेती करायला गावी, भीमेकाठी शेंडेवाडीला गेला. मुलगी घाटावर गेली म्हणून चाळीतले कोकणी हळहळले. अण्णांनी मात्र जावयाबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. फक्त ते तिच्याकडे कधी गेले नाहीत.

त्याला कारण होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी चाल. गिरगावात ती आता थट्टेपुरती उरली आहे, पण अण्णांच्या घराण्यात ती कुणी मोडलेली नव्हती. कुसुमला लग्नानंतर पाच वर्षांत मूल नव्हतं. दौंडहून शेंडेवाडीला बैलगाडीने जायचं म्हणजे दिवस जातो. तिथे मुक्काम आला, आणि मुक्काम म्हटला की जेवण आलं. म्हणून जाणंच नको. दिवाळीला कुसुम मुंबईला यायची तेवढीच भेट. यंदा ती दिवाळीला आली नाही. जावयाच्या हाती निरोप आला, की बाबांना यायचं असेल तर त्यांनीच यावं.

अण्णांनी तो निरोप मला सांगितला. मग पंधरा दिवसांनी एका रविवारी त्यांनी मला गॅलरीत होडीपाशी बसवलं आणि हिशोब मांडला. कोकणातल्या माणसाला भरतीची वेळ पाहायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं.

"मास्तर, अष्टमीक आठाची पाऊणपट किती?"

मी सहा म्हणालो.

"मगे? सकाळी सहाक भरती पुरी. थंयसून ओहोटी लागली काय आपण तिच्याबरोबर खाली. बाराक कुसूकडे. तिका बघतलंव, बोलतलंव. तवसर पाणी फिरतला, काय भरतीबरोबर वर. सांजेक दौंडात."

मुक्काम नाही, म्हणून जेवण नाही, म्हणून चाल मोडत नाही. मला ही योजना फार सुंदर वाटली, आणि अष्टमीला आम्ही नदीतून येतोय असं कार्डही मीच कुसुमला टाकलं. नदी भीमा आहे, ती समुद्रापासून दीडशे मैलांवर घाटमाथ्याच्या पलीकडे आहे, आणि मिळायचीच झाली तर ती मुंबईच्या नव्हे, पलीकडच्या समुद्राला मिळते, हे माझ्याही मनात आलं नाही. भूगोल आमच्या शाळेत दुसरे मास्तर शिकवतात. शिवाय माझं सगळं पाणी चौपाटीचं. आयुष्यात जे पाणी पाहिलं ते दिवसातून दोनदा येताना आणि दोनदा जाताना पाहिलं. न फिरणारं पाणी असतं ही कल्पनाच मला नव्हती.

दौंड

शनिवारी उजाडायच्या आत आम्ही काठावर होतो. मार्गशीर्षातली थंडी. मुंबईत आपण जिला थंडी म्हणतो ती मफलर मिरवण्यापुरती असते. इथली थंडी थेट दातांशी बोलते. पाण्यावरून वाफ निघत होती. अण्णांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा पाण्यात सोडला आणि तो कोणीकडे जातो ते पाहिलं. तो सावकाश खाली निघाला. "ओहोटी लागली," ते समाधानाने म्हणाले.

सामानात त्यांनी काहीच कमी ठेवलं नव्हतं. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बांगड्याची किसमूर, बाटलीतून सोलकढी, आणि मुंबईहून आणलेल्या पाण्याची मातीची सुरई. पाणी कशाला, असं मी विचारलं. नियम नुसता घराचा नसून गावाचा असतो, असं कळलं. लेकीच्या गावच्या विहिरीचं पाणीही चालत नाही.

मी पुढे बसलो, अण्णा मागे. वल्हं कसं धरायचं ते त्यांनी एकदा दाखवलं, दोनदा दाखवलं, आणि मग मला नुसतं बसून राहायला सांगितलं. मी ते काम चोख केलं.

आणि मग सूर्य आला. हे कसं सांगावं? गिरगावात आम्हाला आभाळ मिळतं ते दोन चाळींच्या मधून पट्टीसारखं, आणि त्यातही कुणाची तरी चादर आडवी असते. इथे ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळंच्या सगळं होतं. दोन्ही काठांना काळी जमीन, तिच्यावर कमरेएवढी ज्वारी, मधूनच एखादी बाभळ, आणि फार लांबवर एक बसकी टेकडी, जी दोन तास झाले तरी जागची हलली नाही. रंगपेटीतला निळा रंग मी वर्षानुवर्षं मुलांना पातळ करून लावायला शिकवत आलो. त्या सकाळी वाटलं, सोमवारी जाऊन सांगावं की चुकलं, घट्ट लावा. वाळूच्या बेटांवर तांबूस रंगाची चक्रवाकांची जोडपी उभी होती. आम्ही जवळ गेलो की ती कुरकुरत उठत आणि थोडी पुढे जाऊन पुन्हा बसत. मी मोठ्याने गाणं म्हटलं. माझा आवाज वाईट आहे, पण आजूबाजूला मैलभर कुणी नव्हतं आणि अण्णांना पळता येत नव्हतं.

मोट चालवणारे, धुणं धुणारे जे कोणी भेटत ते आम्हाला पाहून हातातलं काम टाकत. कुठून आलात, असं ओरडून विचारत. मी मुंबई म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. द्विभाषिक मोडणार अशा बातम्या त्या हिवाळ्यात रोज येत होत्या, पण नक्की काहीच नव्हतं. धुणं धुणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिने खडसावून विचारलं, "मग मुंबई मिळाली का न्हाई?" जणू आम्ही ती होडीत घालून आणायची विसरलो होतो.

"मिळतली," अण्णा म्हणाले. तिला ते कळलं नसावं, पण सूर पटला. तिने आम्हाला मूठभर हरभऱ्याचा हुळा दिला. अण्णांनी तो घेण्याआधी चौकशी केली, की बाई तुझं गाव कोणतं. शेंडेवाडी नव्हे अशी खात्री पटल्यावरच त्यांनी दाणा तोंडात टाकला. मला हसू आवरेना. याच माणसाने परळच्या प्रत्येक मोर्चात कोकण आणि देश एक झालाच पाहिजे म्हणून घसा फोडून घेतला होता. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी वल्ह्याने माझ्या पाठीवर पाणी उडवलं.

खडकाची धार

दुपारच्या सुमाराला नदी एका खडकाळ जागी अरुंद झाली आणि पाणी खळखळायला लागलं. अण्णा समुद्राचे. खडक दिसला की लांब राहायचं ही त्यांची रीत. पण इथे लांब राहायला जागाच नव्हती. होडी एका कातळावर घासली, तिरकी झाली, आणि मी पाण्यात पडलो. मला पोहता येत नाही. मी देवाचं नाव घेतलं, बायकोचं घेतलं, हेडमास्तरांचंही घेतलं असावं. मग अण्णांनी मला उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. पाणी गुडघ्यापर्यंत होतं.

होडीला काही झालं नव्हतं, पण सुरई फुटली होती. अण्णांनी तिची खापरं हातात घेऊन बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. मुंबईचं पाणी संपलं.

काठावर एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन बसला होता. त्याने माझी फजिती सुरुवातीपासून पाहिली होती आणि ती त्याला चांगलीच आवडली होती. मला वाळवण्यासाठी त्याने काट्याकुट्यांचा जाळ केला. आम्ही त्याला किसमूर दिली, त्याने आम्हाला ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा दिला. किसमुरीचा घास खाऊन त्याने विचारलं, की हे मेलं कधी होतं. खर्डा खाऊन अण्णांच्या डोळ्यांना धार लागली. तहान लागली तेव्हा ते नदीकडे गेले, ओंजळ भरली, थांबले, आणि शेंडेवाडी अजून खाली आहे ना, असं धनगराला विचारून मगच प्याले.

बारा कधीच वाजून गेले होते. अण्णांनी पाण्याच्या कडेला एक काडी रोवली आणि तिच्याकडे पाहत बसले. पाणी काडीशी होतं तिथेच राहिलं. समुद्र लांब आहे, इथवर यायला भरतीला उशीर होणारच, असं त्यांनी मला समजावलं. मलाही ते पटलं.

शेंडेवाडी

ऊन कलल्यावर आम्ही पोचलो. घाटावर कुसुम एकटी उभी होती. निम्मा दिवस ती तिथेच होती, हे मला मागाहून कळलं. नऊवारी, डोक्यावर पदर, उन्हाने रापलेली; चाळीच्या गॅलरीतून खाली ओरडणारी मुलगी मला तिच्यात पटकन सापडेना. बापाला पाहून तिने होडीचं टोक धरलं आणि ते सोडलंच नाही.

अण्णा उतरले, पण घाटाच्या पायरीवरच बसले. तिने घरी चला म्हटलं, तर ते म्हणाले इथेच बरं आहे. शंकर धावत आला, पाया पडला. त्याची आई, म्हणजे अण्णांची विहीण, तीही आली. धिप्पाड, मोकळ्या कपाळाची, आणि आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. अण्णांनी हात जोडले आणि नको म्हणाले. तिने आग्रह केला नाही. चाल तिलाही माहीत होती. तांब्या तिने पायरीवर ठेवला.

मग गप्पा झाल्या. ज्वारी कशी आहे, चाळीत कोण गेलं, कोणाचं लग्न ठरलं. कुसुम बापाच्या पायाशी बसून ऐकत होती आणि अण्णा बोलता बोलता दर थोड्या वेळाने पाण्याकडे पाहत होते. इथेही त्यांनी काडी रोवली होती. घाटावर पोरंबाळं जमली, मग मोठी माणसं जमली, आणि सगळं गाव त्या काडीकडे पाहायला लागलं. काय बघायचंय ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी विहीणबाईंनी विचारलं. मी त्यांना भरतीचा हिशोब समजावून सांगितला; अष्टमी, पाऊणपट, सगळं. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"मास्तर, ही भीमा हाय," त्या म्हणाल्या. "ही खालीच जाती. माझ्या सासूच्या सासूनं हिला वर जाताना बघितली न्हाय."

सगळं गाव हसलं. मीही हसलो, कारण त्याच क्षणी मला ते इतकं स्वच्छ दिसलं की दुसरं काही करणं शक्य नव्हतं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. सूर्य टेकडीच्या मागे उतरायला लागला होता. प्रवाहाविरुद्ध दौंडपर्यंत वल्हवणं दोघा तरण्याताठ्यांनाही जमलं नसतं, आणि आमच्यातला एक म्हातारा होता आणि दुसरा मी होतो.

"मी होडयेत झोपतंय," ते म्हणाले. "भूक नाय माका."

विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. भर थंडीत पाहुणा उपाशी नदीत निजला तर गाव आमच्या तोंडात शेण घालील, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. दुपारी खडकापाशी भीमेचं पाणी प्यालात, मग आमच्या तांब्यातलं काय वेगळ्या नदीचं आहे का, असंही म्हणाल्या. (हे त्यांना मीच सांगून बसलो होतो.) शंकरने विनवलं. अण्णा मान खाली घालून नाही नाही म्हणत राहिले. ते हट्टाने म्हणत नव्हते. लेकीचा मान राखायचा म्हणजे तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. तिच्यासाठीच ते उपाशी राहणार होते.

तेव्हा कुसुम उठली. इतका वेळ ती गावाची बोली बोलत होती. आता ती बापाशी त्याच्या भाषेत बोलली, आणि फार मोठ्याने नाही.

"बाबा, माका पोर नाय ता हयसर कोणाच्या मनात येणा नाय. सासू माझी एका शब्दान बोलणा नाय. तू पाणी पिणस नाय, तेवा मात्र सगळ्यांका आठवता. मगे माका पण आठवता."

घाटावरचं हसू थांबलं. शंकर सोडला तर मालवणी तिथे कोणाला येत नव्हती, पण ती काय म्हणाली ते सगळ्यांना कळलं असावं. अण्णा तिच्याकडे पाहत राहिले. पाच वर्षं ज्याला ते तिचा मान समजत होते त्याची दुसरी बाजू त्यांना कोणी दाखवली नव्हती. मी उगाच होडीची दोरी पुन्हा बांधायला लागलो.

पायरीवर तांब्या तसाच होता. अण्णांनी तो उचलला आणि वरून धार धरून एका दमात रिकामा केला. बरंचसं पाणी सदऱ्यावर सांडलं.

त्यानंतर जे झालं त्याला स्वयंपाक म्हणणं कमी पडेल. शेजारच्या चार घरांतून बायका आल्या. शंकरने भोयांकडून ताजी मरळ आणली. अण्णांचा चेहरा उतरला, कारण गोड्या पाण्यातला मासा त्यांच्या लेखी मासाच नव्हे. कुसुमने तिचं सार केलं ते मालवणी रीतीने, पण ओला नारळ नाही म्हणून शेंगदाण्याचं वाटण, आणि कोकम नाही म्हणून चिंच. शेजारी ज्वारीच्या भाकऱ्यांची चळत, आणि खास बापासाठी भात. ओसरीवर कंदील ठेवून आमची पानं मांडली. पोरं दारात, माणसं अंगणात. मी अनेक लग्नांत जेवलो आहे, पण पहिल्या घासाकडे इतकी माणसं टक लावून बसलेली कधी पाहिली नाहीत.

अण्णांनी भातात सार कालवलं. घास घेतला. सावकाश चावला.

"कसं झालंय, पाव्हणं?" विहीणबाईंनी विचारलं. अशा वेळी पाहुण्याने काय म्हणायचं असतं ते साऱ्या महाराष्ट्रात एकच आहे.

"मीठ कमी आसा," अण्णा म्हणाले.

शंकरने मान खाली घातली. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी माझ्या ताटाकडे. चुलीपाशी कुसुम पाठमोरी होती. तिचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं ती रडतेय. मग दिसलं, की ती हसतेय, आणि मग दोन्ही.

"रोज," ती सासूला म्हणाली, पदराने डोळे पुसत. "आत्याबाई, डिलाईल रोडच्या खोलीत रोज रातच्याला हा मानूस हेच म्हनायचा. कितीबी मीठ घाला."

मिठाचं मडकं उचलून तिने ते बापाच्या ताटाशी आदळलं. अण्णांनी चिमूट घेतली, भातावर टाकली आणि ताटातून मान वर न करता म्हणाले, "उद्या दुपारच्याक घालशीत तेवा बरोबर घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बैलगाडीने निघायचं असं मघाशी ठरलं होतं, आणि सोमवारी माझी शाळा होती. मी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला आणि साराची वाटी पुढे केली.